पडद्यावरील विदूषकांच्या बखरी

हंसविणाऱ्या माणसाचें चरित्र सांगणें हें योद्ध्याचें किंवा मुत्सद्द्याचें चरित्र सांगण्यापेक्षां पुष्कळच अवघड आहे. योद्ध्याच्या लढाया व मुत्सद्द्याचे तह यांचें वर्णन शब्दांनीं करतां येतें, आणि त्या वर्णनानें मूळ गोष्टीची फारशी हानि होत नाहीं. विनोदाची गोष्ट तशी नाहीं. तो फोड करून सांगूं लागलें म्हणजे त्यांतील हंसूं नाहींसें होतें. न सांगावा तर त्याच्या मागें किती बुद्धि व किती श्रम खर्चीं पडले आहेत हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. नरसिंह चिंतामण केळकरांसारख्या मर्मज्ञांनीं आपल्या भाषेंत विनोदाची मीमांसा केली, तेव्हां त्यांना उदाहरणादाखल एखादें वाक्य उतरून घेण्याची सोय होती. मूकपटांतील विनोद असा उतरून घेतां येत नाहीं. तो टोपी उचलण्याच्या लकबींत असतो, पायाच्या एका वळणांत असतो, आणि कित्येकदां नुसत्या स्तब्ध उभें राहण्यांत असतो. त्याचा इतिहास सांगावयाचा तर तो पडद्यावरच सांगितला पाहिजे.

तसा तो सांगण्याचे प्रयत्न गेल्या सहासात दशकांत पुष्कळ झाले आहेत. चार्ली चॅप्लिन, बस्टर केटन, हॅरॉल्ड लॉइड, हॅरी लँग्डन, लॉरेल आणि हार्डी या नटांविषयीं इंग्रजी भाषेंत अनेक माहितीपट निघाले. कांहीं तासाभराचे, कांहीं तीन तीन भागांचे. यांची पारख सामान्यतः नाटकसिनेमाच्या परीक्षणाप्रमाणेंच होते: अमका माहितीपट मनोरंजक आहे, तमका कंटाळवाणा आहे. आमच्या मतें ही कसोटी अपुरी आहे. मूळ मूकपट चित्रगृहांत जाऊन पाहिलेली पिढी आतां उरलेली नाहीं, आणि आजच्या बहुसंख्य प्रेक्षकांचा या नटांशीं पहिला परिचय माहितीपटाच्या द्वारेंच होतो. ज्या माणसाविषयीं हें सांगितलें जातें तो उत्तर देण्यास हयात नाहीं. अशा वेळीं माहितीपट हा करमणुकीचा प्रकार न राहतां इतिहासाचा ग्रंथ ठरतो, आणि इतिहासाच्या ग्रंथाला लावावयाच्या कसोट्या त्याला लावणें हें मृताविषयींचें आपलें कर्तव्य होऊन बसतें.

इतिहासाच्या या कसोट्या मराठी वाचकांस नव्या नाहींत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखर आणि अस्सल कागद यांतील भेद आपल्याकडे शाळकरी विद्यार्थ्यासहि ठाऊक झाला आहे. बखरकार घटनेनंतर पुष्कळ काळानें लिहितो, ऐकीव गोष्ट सांगतो, आणि कथा रंगावी म्हणून कोठें भर घालतो तर कोठें कात्री लावतो. अस्सल पत्र त्या दिवशीं, त्या कामापुरतें लिहिलेलें असतें. पुढें इतिहासकार आपल्याला वाचतील ही जाणीव त्याला नसते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. तथापि बखर टाकाऊ असते असेंहि नव्हे, कारण कित्येक गोष्टी तिच्याखेरीज दुसरीकडे कोठेंच टिकून राहिलेल्या नसतात. विनोदी नटांचे माहितीपट याच दृष्टीनें तपासले असतां त्यांतील बरेंवाईट स्पष्ट दिसूं लागतें.

प्रथम बखरींतली सर्वांत चांगली बखर घेऊं. रॉबर्ट यंगसन या अमेरिकन गृहस्थानें १९५७ सालीं 'द गोल्डन एज ऑफ कॉमेडी' हा चित्रपट काढला. जुन्या मूकपटांतील निवडक प्रसंग एकत्र जोडून, त्यांवर निवेदन व संगीत चढवून त्यानें तो सिद्ध केला. तो इतका लोकप्रिय झाला कीं, १९६० सालीं त्यानें 'व्हेन कॉमेडी वॉज किंग' हा दुसरा संग्रह काढला. यंगसनच्या निवेदनांत बखरकाराचे सर्व दोष आहेत. पडद्यावर जें डोळ्यांना दिसतेंच आहे तें निवेदक पुन्हां सांगतो. नट केव्हां मरण पावला व कसा विस्मृतींत गेला हें हळहळत सांगून प्रेक्षकांस हंसतां हंसतां उसासा टाकावयास लावतो. आणि प्रसंग मधूनच उचललेला असल्यामुळें त्याच्या आधीं काय घडलें व विनोदाचा पाया कसा घातला गेला हें कळतच नाहीं. परंतु याच संग्रहानें लॉरेल व हार्डी यांच्या मूकपटांकडे लोकांचें लक्ष पुन्हां वळविलें. 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' या १९२७ च्या लघुपटांत पेढीवरच्या मिठाईच्या पायांची जी प्रचंड फेकाफेक आहे, ती कित्येक दशकें यंगसनच्या उताऱ्यांतच काय ती पाहावयास मिळत असे; मूळ चित्रपटाचें दुसरें रीळ अखंड सांपडल्याची वार्ता २०१५ सालीं जाहीर झाली. म्हणजे अस्सल कागद गहाळ असतांना बखरीनेंच त्याची एक नक्कल सांभाळून ठेविली होती. ऑलिव्हर हार्डी ऑगस्ट १९५७ मध्यें वारला. आपल्या जोडीला पुन्हां मिळालेलें हें यश त्याला पाहावयास मिळालें नाहीं.

मूकपटांच्या बाबतींत बखरीचा एक विशेष दोष आहे, आणि तो गतीचा आहे. बोलपट सेकंदास चोवीस चित्रें या वेगानें चालतो. मूकपटांच्या काळांत कॅमेरा हातानें फिरवीत असत आणि त्याचा वेग बहुधा याहून कमी असे. शिवाय तो चित्रपटागणिक, किंबहुना प्रसंगागणिक बदलत असे. अशी फीत चोवीसाच्या वेगानें धांवविली म्हणजे माणसें टुणटुण उड्या मारीत चालल्यासारखीं दिसतात. त्या काळचे लोक अशींच माकडचेष्टा करीत असत, असा समज पुढील पिढ्यांत पसरला त्याचें हें एक मोठें कारण. यांत आणखी एक मख्खी अशी कीं, विनोदी नट कधीं कधीं मुद्दाम कॅमेऱ्याचा वेग कमी ठेवून हालचालींत थोडी चपळाई आणीत असत. तेव्हां कोणती घाई नटानें बुद्धिपुरस्सर आणिली आणि कोणती यंत्राच्या अज्ञानानें आली, हें पारखल्यावांचून ज्यानें माहितीपट काढला त्यानें मूळ पोथीच चुकीची वाचली असें म्हणावें लागेल. केटनच्या एका पावलांत जो तोल आहे तो घाईनें दाखविला कीं उरतें तें केवळ धडपडणें.

कांहीं वेळां बखर खुद्द नायकानेंच रचलेली असते. चॅप्लिननें 'द गोल्ड रश' हा आपला १९२५ चा मूकपट १९४२ सालीं पुन्हां प्रदर्शित केला, तेव्हां मधल्या अक्षरपट्ट्या काढून स्वतःच्या आवाजांत निवेदन घातलें व शेवटचा प्रसंगहि आटोपता घेतला. लॉइडनें १९६२ सालीं स्वतःच्या चित्रपटांतील वेंचे काढून 'हॅरॉल्ड लॉइड्स वर्ल्ड ऑफ कॉमेडी' हा संग्रह सादर केला. नव्या पिढीनें आपणांस विसरूं नये अशी दोघांची इच्छा होती, आणि ती अगदीं स्वाभाविक आहे. परंतु कलावंतानें स्वतः केलेली निवड म्हणून ती अधिक प्रमाण मानावी, हें आम्हांस पटत नाहीं. वृद्धापकाळीं आत्मचरित्र लिहिणारा पुरुष आपल्या तरुणपणाचा वकील असतो. त्याच्या साक्षीला मान द्यावा, पण निकाल मात्र तिच्यावरच देऊं नये.

आतां अस्सल कागदांकडे वळूं. केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल या दोघां इंग्रज संशोधकांनीं थेम्स टेलिव्हिजन या संस्थेसाठीं प्रथम १९८० सालीं 'हॉलिवुड' ही तेरा भागांची मालिका केली. तींत जुने नट, दिग्दर्शक, छायालेखक व कसरतपटु हयात असतांनाच त्यांच्या साक्षी नोंदवून घेतल्या, आणि जुन्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती योग्य गतीनें दाखविल्या. त्यानंतर १९८३ सालीं त्यांचा 'अननोन चॅप्लिन' हा तीन भागांचा माहितीपट आला. या विषयावरील सर्व माहितीपटांत आम्ही यास पहिलें स्थान देतों, आणि त्याचें कारण सांगणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे.

चॅप्लिननें १९१६ व १९१७ या दोन सालांत म्युच्युअल कंपनीसाठीं बारा लघुपट केले. त्या वेळीं चित्रित केलेले पण चित्रपटांत न घेतलेले असंख्य तुकडे शिल्लक राहिले होते. हे तुकडे ब्राउनलो व गिल यांच्या हातीं आले. प्रत्येक तुकड्याच्या आरंभीं क्रमांकाची पाटी धरलेली दिसते. संशोधकांनीं ते तुकडे पाटीच्या क्रमानें लावले, आणि चॅप्लिनच्या मनांत कोणती कल्पना कोणत्या दिवशीं आली व ती कशी पालटत गेली हें पायरीपायरीनें उलगडूं लागलें. चॅप्लिन त्या काळीं लिहिलेल्या संहितेवरून काम करीत नसे. तो कॅमेऱ्यासमोरच विचार करी. इतर लेखक कागदावर जें खोडतात तें तो फितीवर खोडीत असे. अर्थात् हे तुकडे म्हणजे त्याच्या हातचा कच्चा खर्डाच होय.

'द इमिग्रंट' या १९१७ च्या लघुपटाचें उदाहरण घ्यावें. चित्रपटांत प्रथम अमेरिकेस जाणाऱ्या निर्वासितांचें जहाज येतें, आणि मग खिशांत पैसा नसतांना उपाहारगृहांत जेवावयास बसलेल्या चार्लीचा प्रसंग येतो. आपण सहज असें समजतों कीं, परदेशांत आलेल्या दरिद्री माणसाची कथा सांगावी असें लेखकाच्या मनांत होतें व त्यांतून हे दोन प्रसंग निघाले. पाट्यांचे क्रमांक निराळें सांगतात. आरंभीं केवळ उपाहारगृहच होतें. जहाजाचा पत्ताच नव्हता. वाढप्याचें काम प्रथम हेन्री बर्गमन करीत होता. त्याच्या वाढप्याची दहशत वाटेना, म्हणून त्याला काढून तेथें धिप्पाड एरिक कॅम्बेल यास आणिलें. आणि पैसे नसलेल्या गिऱ्हाइकाची भीति एकदम खरी झाली. मग चार्लीसमोर बसलेली ती मुलगी कोण, ती दोघें एकमेकांस कोठें भेटलीं, असा प्रश्न उत्पन्न झाला, आणि त्याचें उत्तर म्हणून जहाजाचा सारा पूर्वार्ध मागाहून चित्रित झाला. ज्या चित्रपटाला आपण निर्वासितांच्या दुःखाची कथा म्हणतों त्याचा जन्म एका शेंगाच्या दाण्यांच्या बशीशीं झाला, हें कळल्यानें त्या कथेचें मोल कमी होत नाहीं. उलट करुणा ही वरून शिंपडलेली नसून विनोदाचा तर्क शेवटपर्यंत नेल्यामुळें आपोआप हातीं आली, हें ध्यानांत येऊन कलावंताविषयींचा आदर दुणावतो.

'द क्युअर' या त्याच वर्षींच्या लघुपटाची कथाहि अशीच. औषधी पाण्याच्या झऱ्यावर आलेला दारुडा श्रीमंत म्हणून आपण चार्लीला ओळखतों. पण आरंभींच्या तुकड्यांत तो तेथील नोकराच्या वेषांत, रोग्यांच्या चाकांच्या खुर्च्यांच्या गर्दींत वावरतांना दिसतो. पुढें त्यास असें दिसून आलें असावें कीं, नोकरानें घोटाळा केला तर तो केवळ घोटाळा होतो, परंतु पथ्यासाठीं आलेल्या पाहुण्यानेंच केला तर साऱ्या संस्थेची प्रतिष्ठा पालथी पडते. हा आमचा तर्क आहे. फीत फक्त बदल दाखविते, कारण सांगत नाहीं. अस्सल कागदाचीहि ही मर्यादा ओळखून असावें. या माहितीपटाची थोरवी अशी कीं, तो पुरावा प्रेक्षकांपुढें मांडतो व तर्क करण्यास त्यांना मोकळें सोडतो.

दुसऱ्या भागांत 'सिटी लाइट्स' या १९३१ च्या चित्रपटाची हकीकत आहे. आंधळ्या फुलवालीला हा भटक्या श्रीमंत आहे असें वाटावें तरी कसें, या एका गोष्टीसाठीं चॅप्लिन फार काळ अडून बसला होता. मोटारीचें दार लागल्याचा आवाज तिच्या कानीं पडतो आणि तिचा गैरसमज होतो, हें शेवटीं सांपडलेलें उत्तर आज आपणांस किती सोपें वाटतें! मधल्या काळांत त्यानें नायिका व्हर्जिनिया चेरिल हिला कामावरून काढलें, जॉर्जिया हेल हिला घेऊन कांहीं चित्रण करून पाहिलें, आणि अखेर चेरिललाच परत बोलाविलें. या दोन्ही स्त्रिया माहितीपटांत स्वतः बोलतात, आणि हेल हिचें तें चित्रणहि दाखविलें आहे. साक्ष आणि कागद एकमेकांशीं ताडून पाहण्याची ही उत्तम रीति होय.

येथें एक आक्षेप संभवतो. कलावंतानें जें स्वतः टाकून दिलें तें त्याच्या मरणानंतर लोकांपुढें मांडणें हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय? प्रश्न गंभीर आहे, आणि कित्येक संशोधकांनीं केवळ नवलाईच्या लोभानें असा अन्याय केलेलाहि आहे. आमच्या मतें याचा निर्णय मांडणीवर अवलंबून राहतो. टाकलेला तुकडा 'हरवलेली उत्कृष्ट कृति' म्हणून विकला तर तो अन्याय. पूर्ण कृतीकडे जाणाऱ्या वाटेवरचें पाऊल म्हणून दाखविला तर तो कलावंताच्या श्रमाचा सन्मान. 'सिटी लाइट्स'मधून गाळलेला, चार्ली रस्त्यावरील जाळींत अडकलेल्या लाकडाच्या तुकड्याशीं खेळतो तो प्रसंग 'अननोन चॅप्लिन'मध्यें अखंड आहे. तो स्वतः अतिशय गमतीचा आहे. इतकी चांगली चीजहि कथेला नको म्हणून हा माणूस काढून टाकूं शकला, हेंच तेथें शिकावयाचें असतें.

याच जोडीनें १९८९ सालीं लॉइडविषयीं 'हॅरॉल्ड लॉइड: द थर्ड जीनियस' हा माहितीपट केला. तेथें आक्षेप निराळा आहे. 'सेफ्टी लास्ट' या १९२३ च्या चित्रपटांत लॉइड उंच इमारतीच्या भिंतीवरील घड्याळाच्या कांट्याला लोंबकळतो, तें दृश्य जगप्रसिद्ध आहे. इमारतींच्या गच्चीवर खोटी भिंत उभारून, खालचा खरा रस्ता मागें दिसेल अशा बेतानें कॅमेरा ठेवून तें चित्रण केलें होतें. आणि लांबून दिसणाऱ्या चढाईच्या दृश्यांत बिल स्ट्रॉदर नांवाचा कसरतपटु होता. हें उघड केलें तर जादू जाईल असें पुष्कळांस वाटतें. परंतु पुढील गोष्ट विचारांत घ्यावी. १९१९ सालीं छायाचित्र काढवून घेतांना खोटा समजून हातीं घेतलेला बाँब फुटला, आणि लॉइडच्या उजव्या हाताचा आंगठा व तर्जनी हीं दोन्ही तुटलीं. पडद्यावर तो तयार केलेला हातमोजा घालीत असे. घड्याळाला लोंबकळणारा तो हात हाच! गच्चीची युक्ति लपवून नटाला अचाट ठरविणें ही बखर; युक्ति सांगून त्यांतहि उरलेला धोका व त्या अधू हाताचा निश्चय दाखविणें हा इतिहास. दुसऱ्यानें माणूस मोठा होतो आणि तो माणूसच राहतो.

विनोदी नटाच्या चरित्राला लागलेली सर्वांत जुनी कीड म्हणजे 'हंसविणाऱ्याचें अंतर रडत असतें' हें सूत्र. बस्टर केटन या सूत्राला सर्वांत अधिक बळी पडला. १९२३ पासून १९२८ पर्यंत त्यानें स्वतंत्रपणें दहा मोठे चित्रपट केले. १९२८ सालीं तो मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीच्या नोकरींत शिरला. तेथें त्याचें स्वातंत्र्य गेलें, संसार मोडला, दारूचें व्यसन लागलें, आणि १९३३ सालीं कंपनीनें त्यास काढून टाकलें. एवढी सामग्री मिळाल्यावर शोकांतिका रचण्याचा मोह कोणास आवरेल? १९५७ सालीं त्याच्या आयुष्यावर काढलेल्या कल्पित चित्रपटांत हा मोह आवरलेला नाहीं, आणि सत्याचीहि फारशी चाड राखलेली नाहीं. वस्तुस्थिति अशी कीं, १९४० सालीं केटननें एलिनॉर नॉरिस हिच्याशीं विवाह केला, तो संसार १९६६ सालीं त्याच्या मृत्यूपर्यंत सुखाचा झाला, आणि तो अखेरपर्यंत काम करीत होता. ब्राउनलो व गिल यांच्या १९८७ च्या 'बस्टर केटन: अ हार्ड अ‍ॅक्ट टु फॉलो' या माहितीपटांत एलिनॉर स्वतः बोलते, आणि तिच्या शांत बोलण्यापुढें रडव्या विदूषकाचें तें सूत्र टिकत नाहीं.

केटनविषयीं याहूनहि अस्सल असा एक कागद आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डानें 'द रेलरॉडर' हा लघुपट केटनला घेऊन केला, तेव्हां जॉन स्पॉटन यानें त्या कामाचेंच चित्रण करून १९६५ सालीं 'बस्टर केटन राइड्स अगेन' हा माहितीपट काढला. केटनला तेव्हां एकोणसत्तरावें वर्ष लागून गेलें होतें. रुळांवरून धांवणाऱ्या छोट्या गाडींत बसून, वाऱ्यानें अंगाभोंवतीं गुंडाळलेल्या मोठ्या नकाशाशीं झटत आपण उंच पूल ओलांडावा, अशी त्याची कल्पना. तरुण दिग्दर्शकाला ती धोक्याची वाटते. म्हातारा चिडतो. जिवाला भिऊन विनोद लंगडा करणें हें त्याला अपमानास्पद वाटतें. येथें कोणी निवेदक 'हा महान् कलावंत होता' असें सांगत बसत नाहीं, कारण त्याची गरजच उरलेली नाहीं. चाळीस वर्षांपूर्वीं ज्यानें 'द जनरल'साठीं खरी आगगाडी जळत्या पुलावरून नदींत पाडली, त्याची तीच बुद्धि त्या वादांत जिवंत दिसते.

पीटर बॉग्दानोविच याच्या २०१८ च्या 'द ग्रेट बस्टर' या माहितीपटाची रचना याच दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. त्यानें केटनचें आयुष्य आरंभापासून अंतापर्यंत सांगितलें, पण ते दहा मोठे चित्रपट मधून वगळले. आणि मृत्यूची हकीकत झाल्यावर मागें फिरून ते चित्रपट एकामागून एक दाखविले. कालक्रमाच्या दृष्टीनें हा विपर्यास आहे. तथापि न्यायाच्या दृष्टीनें आम्ही त्यास योग्य म्हणूं, कारण प्रेक्षक चित्रगृहांतून बाहेर पडतो तो केटनच्या पडझडीचें नव्हे, त्याच्या कामाचें चित्र मनांत घेऊन. मात्र या माहितीपटांत, आणि अलीकडच्या बहुतेक माहितीपटांत, प्रसिद्ध चाहत्यांच्या मुलाखतींची जी रेलचेल असते ती आम्हांस खटकते. मेल ब्रुक्स किंवा वेर्नर हेर्झोग यांच्यासारख्या कलावंतांचें मत ऐकण्यासारखें असतें. पण ते केटनच्या कामाचे साक्षीदार नव्हेत. भाट आणि साक्षीदार एकाच आसनावर बसविले म्हणजे प्रेक्षकाची गल्लत होते. शिवाय 'स्टीमबोट बिल ज्युनियर'मध्यें घराची अख्खी भिंत केटनच्या अंगावर कोसळते व तो खिडकीच्या पोकळींतून सुरक्षित उरतो, तें दृश्य एकसंध पाहण्यांतच त्याचा प्राण आहे. त्यावर बोलणाऱ्याचा चेहरा मध्येंच आणणें म्हणजे गायकाची तान चालू असतांना टाळी वाजवून ती तोडण्यासारखें होय.

साक्षीदारांनाहि स्वार्थ असतो, हें विसरूं नये. हॅरी लँग्डन १९४४ सालीं वारला. त्याच्या उत्कर्षकाळांत 'द स्ट्राँग मॅन' व 'लाँग पँट्स' हे चित्रपट फ्रँक काप्रा यानें दिग्दर्शित केले, आणि पुढें लँग्डननें त्यास काढून टाकलें. काप्रानें १९७१ सालीं आत्मचरित्र लिहिलें, त्यांत लँग्डनला आपल्याच विनोदाचें मर्म कळलें नव्हतें असें सांगितलें. काप्रा जगप्रसिद्ध, लँग्डन मृत. साहजिकच हेंच मत पुष्कळ काळ प्रमाण मानलें गेलें. रंगभूमीवर लँग्डननें काप्राची भेट होण्यापूर्वीं कित्येक वर्षें हाच धंदा केला होता, ही साधी गोष्ट अलीकडचे अभ्यासक पुढें मांडूं लागले आहेत. याच्या उलट बाजूचें उदाहरण लिटा ग्रे हिचें. सोळा वर्षांची असतांना, १९२४ सालीं, तिचा चॅप्लिनशीं विवाह झाला व १९२७ सालीं तो मोडला. चॅप्लिनच्या १९६४ च्या आत्मचरित्रांत तिचें नांवसुद्धां नाहीं. 'अननोन चॅप्लिन'मध्यें ती स्वतः बोलते. नायकानें जिला गाळलें तिला बोलूं देणें, हें माहितीपटाच्या प्रामाणिकपणाचें मोठें गमक आहे. आणि तिचें बोलणें ऐकूनहि चॅप्लिनची कला कला म्हणून पाहतां येणें, हें प्रेक्षकाच्या प्रौढपणाचें.

पीटर मिडलटन व जेम्स स्पिनी यांचा २०२१ चा 'द रियल चार्ली चॅप्लिन' हा माहितीपट या प्रश्नांना धैर्यानें सामोरा जातो. लिटा ग्रे हिच्यासारख्या स्त्रियांची बाजू त्यानें पुढें आणिली. मात्र त्यांत एक नवी रीति आहे. जुन्या ध्वनिमुद्रित मुलाखतींतला खरा आवाज ठेवून, त्यावर ओठ हलविणारे आजचे नट पडद्यावर दाखविले आहेत. चॅप्लिनला बालपणीं ओळखणाऱ्या एका वृद्ध बाईची मुलाखत ब्राउनलोनें घेतली होती; तिचा आवाज खरा, चेहरा मात्र नटीचा. प्रयोग कुशल आहे, पण आमचें मन त्यास अनुकूल होत नाहीं. अस्सल पत्राचा मजकूर नव्या कागदावर, जुन्या वळणाच्या अक्षरांत उतरून तोच मूळ म्हणून मांडला, तर मजकूर खरा असूनहि वाचकाचा विश्वास डळमळतो. रिकाम्या पडद्यावर तो थरथरता आवाज एकटा ऐकविला असता तर त्याचें बळ कमी झालें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

हा सगळा विचार आपल्या प्रांतासहि लागू पडतो. चॅप्लिननें १९१८ सालीं आपल्या नव्या कारखान्यांत चित्रपट कसे तयार होतात हें दाखविणारी फीत घेतली. ती त्या वेळीं प्रदर्शित झाली नाहीं, तिचा कांहीं भाग १९५९ सालच्या 'द चॅप्लिन रिव्ह्यू'मध्यें आला. त्याच्या एक वर्ष आधीं, १९१७ सालीं, आपल्या दादासाहेब फाळक्यांनीं याच विषयावर एक लघुपट केला होता, व त्याचा थोडासा अंश आज शिल्लक आहे. फाळक्यांनीं विनोदी लघुपटहि काढले होते. दोघांनाहि आपल्या श्रमाची नोंद राहावी असें एकाच सुमारास वाटलें. फरक एवढाच कीं, एकाच्या टाकाऊ तुकड्यांचेहि डबे टिकले, आणि आपल्या मूकपटांपैकीं बहुतेक मूळ चित्रपटसुद्धां नष्ट झाले. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तोंपर्यंत फार उशीर झाला होता. कागदच नसतील तर पुढच्या इतिहासकाराला बखरीवरच भागवावें लागेल, हें जुन्या फिती बाळगणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें.

तात्पर्य, विनोदी नटाविषयींचा माहितीपट पाहतांना आम्ही तीन प्रश्न विचारतों. पडद्यावर जें सांगितलें जात आहे त्याचा पुरावा तेथेंच दाखविला आहे काय? साक्षीदार कोण, आणि त्याच्या बोलण्याला उत्तर देणारा दुसरा कोणी आणिला आहे काय? आणि नटाचा विनोद योग्य गतीनें, अखंड, त्याच्या पायापासून शिखरापर्यंत पाहूं दिला आहे काय? तिसरा प्रश्न आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतों, कारण पहिल्या दोहोंत उतरलेला माहितीपटहि जर आपणांस हंसवूं शकला नाहीं, तर त्यानें विषयाचा मुख्य पुरावाच दडवून ठेविला असें होईल. आमची वाचकांस इतकीच सूचना आहे कीं, त्यांनीं 'द इमिग्रंट' प्रथम पाहावा, मग 'अननोन चॅप्लिन'चा पहिला भाग पाहावा, आणि नंतर 'द इमिग्रंट' पुन्हां एकदां पाहावा. तो वीसपंचवीस मिनिटांचा आहे. दुसऱ्या खेपेस बर्गमनच्या जागीं आलेला कॅम्बेल बशी आदळतो तेव्हां पहिल्यापेक्षां अधिक हंसूं येतें, असा आमचा अनुभव आहे; आणि माहितीपटानें आपलें काम केलें कीं नाहीं हें पाहण्यास तेवढी परीक्षा पुरेशी आहे.